सुरुंग निघाले, पण पेरा झाला का? सुरुंगमुक्तीच्या कामाचं मूल्यमापन करताना

सोलापूरच्या मातीत युद्धातले सुरुंग नाहीत. तरी हा मजकूर सोलापूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या वाचकाला समोर ठेवून लिहिला आहे. पाणलोट, पाझर तलाव, जलयुक्त शिवार यांची कामं तपासून हात बसलेली माणसं या भागात पुष्कळ आहेत आणि लष्करातून निवृत्त झालेलीही आहेत. सुरुंगमुक्तीचं काम तपासायला नेमकी हीच जोडी लागते: जमिनीच्या आतलं कळणारा एक आणि वरचं कळणारा दुसरा. उत्तर श्रीलंकेत २००९ मध्ये युद्ध संपल्यावर भारत सरकारच्या खर्चाने भारतीय पथकांनी सुरुंग काढले. त्या पथकांत निवृत्त फौजी होते. काढायला माणसं गेली तशी तपासायलाही जाऊ शकतात.

आधी एक गफलत दूर करू. आपल्याकडे भूसुरुंग म्हटलं की गडचिरोलीच्या बातम्या आठवतात. तिथला स्फोट बहुतेक वेळा कोणीतरी दबा धरून, गाडी आली की घडवून आणतो. इथं बोलायचं आहे ते पायाच्या दाबाने किंवा तारेला धक्का लागून आपोआप फुटणाऱ्या सुरुंगांबद्दल. हे सुरुंग युद्ध संपल्यावरही जागे राहतात आणि त्यांना शिपाई कोण, शेळ्या राखणारं पोर कोण, हे कळत नाही. भारतानेही २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रम या लष्करी जमवाजमवीत राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेवरच्या चालू शेतांत सुरुंग पेरले होते आणि मागाहून ते काढावे लागले. अशा सुरुंगांवर बंदी घालणारा १९९७ चा ओटावा करार १ मार्च १९९९ पासून अमलात आला. भारत त्याचा सदस्य नाही. सदस्य देशाला आपली जमीन १० वर्षांत साफ करावी लागते, मुदत वाढवूनही मिळते. मूल्यमापनाला जाणाऱ्याने ही मुदत आधी पाहून ठेवावी, कारण मुदत जवळ आली की अहवालांतले चौरस मीटर एकदम पळू लागतात. मार्चअखेरीस आपल्याकडची कामं पळतात तसेच.

कोणता आकडा धरायचा

सुरुंगांची संख्या हा या क्षेत्रातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात निरुपयोगी आकडा. जगभरच्या जमिनीत ११ कोटी सुरुंग आहेत, असं १९९० च्या दशकात सर्रास सांगितलं जायचं. ‘बनवायला ३ डॉलर, काढायला १,००० डॉलर’ हे वाक्यही तेव्हाचंच. पण खर्च सुरुंगामागे होत नाही, शोधलेल्या जमिनीमागे होतो. दोनच सुरुंग असले तरी अख्खं शिवार पड राहतं. उलट लढाईच्या जुन्या आघाडीवर एका गुंठ्यात डझनभर सापडले, तरी त्या जागेत कोणालाच काही करायचं नसतं.

चौरस मीटर हा दुसरा आकडा. तो खोटा नसतो, अपुरा असतो. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या रोजगार हमीत मनुष्यदिवस मोजले गेले, जलयुक्तमध्ये टीसीएम, म्हणजे साठलेल्या पाण्याचे हजार घनमीटर, मोजले गेले. पाझर तलावाच्या खाली नेमकी कोणाची विहीर वाढली, हा प्रश्न दरवेळी मागाहून आला. सुरुंगमुक्तीतही तेच होतं. साफ झालेल्या जमिनीचा आकडा म्हणजे कामाचा हजेरीपट झाला; त्या जमिनीचं पुढे काय झालं ते त्यात नसतं.

म्हणून हातात सातबारा धरल्यासारखा विचार करा. नमुना सात सांगतो जमीन कोणाची, नमुना बारा सांगतो तीत पेरलंय काय. मोकळ्या केलेल्या प्रत्येक तुकड्याचा असा एक सातबारा तुम्हीच तयार करायचा. साफ होण्याआधी वहिवाट कोणाची होती, आज कोणाची आहे, ताबा कोणत्या तारखेला दिला, पहिला नांगर कधी लागला, आज काय पीक आहे, पड असेल तर का, आणि युद्धाआधी तिथं काय होतं, एवढे रकाने पुरतात. बाकी सगळं मूल्यमापन या तक्त्यावर उभं राहतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे निकष सगळीकडे वापरतात: समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, टिकाऊपणा आणि २०१९ मध्ये भर पडलेली सुसंगती. ते वापरा. पण सहाही निकषांना सारखी पानं देण्याच्या नादात अहवाल गुळमुळीत होतो. काम देणाऱ्याला निर्णय कोणता घ्यायचा आहे ते विचारा, आणि त्यावरून तीन-चार प्रश्न पक्के करून कार्यकक्षेतच लिहून घ्या.

निघण्याआधी कागद

सुरुंगमुक्तीची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, त्यांना या क्षेत्रात सगळे ‘आयमास’ म्हणतात. बहुतेक देश त्यावरून आपली राष्ट्रीय मानकं बनवतात. ती दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि फरक असेल तिथं खूण करा. मग राष्ट्रीय सुरुंगकृती केंद्राकडून माहितीसाठा मागवा. बहुतेक ठिकाणी तो ‘इम्स्मा’ या प्रणालीत असतो.

या साठ्यात जमीन तीन वाटांनी मोकळी झालेली दिसेल. गावकऱ्यांशी बोलून, जुने नकाशे आणि अपघातांच्या नोंदी पाहून, इथं सुरुंग असल्याचा पुरावाच नाही असं ठरलं की ती जमीन यादीतून रद्द होते. यंत्र, कुत्रा किंवा डिटेक्टर घेऊन ठराविक पट्टे तपासून उरलेली जमीन वगळली जाते, ती तांत्रिक पाहणी. आणि सुरुंग आहेतच अशा जागी इंचइंच शोधून काढणं, ती प्रत्यक्ष सफाई. तिन्हींचा खर्च आणि वेग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिटेक्टर घेऊन एक डिमायनर, म्हणजे सुरुंग काढणारा, दिवसाला दहा-पंधरा ते पन्नासेक चौरस मीटर करतो. झुडपं, दगड आणि लोखंडाचा कचरा किती यावर ते ठरतं. म्हणजे वाईट दिवशी गुंठ्याचा सातवा हिस्सा. रद्द झालेले शेकडो हेक्टर मात्र दोन माणसं आठवड्यात लिहून टाकतात. अहवालात ‘५०० हेक्टर मुक्त’ एवढंच असेल, तर पहिला प्रश्न हा: यातले रद्द किती, वगळलेले किती, साफ केलेले किती?

रद्द करणं म्हणजे फसवणूक असं मात्र समजू नका. चांगली चौकशी हीच या क्षेत्रातली सगळ्यात मोठी बचत आहे. १९९० च्या दशकाअखेरीपासून अनेक देशांत गावोगाव सुरुंग-प्रभाव पाहणी झाली. त्यात मागच्या २४ महिन्यांतल्या प्रत्येक बळीला दोन गुण, आणि अडलेल्या वाटा, पाणी, शेतं यांचे वेगळे गुण, असं गणित मांडून गावं जास्त, मध्यम, कमी प्रभावाची ठरवली गेली. गावांचा क्रम लावायला ते बरं होतं. पण लोकांनी बोट फिरवून दाखवलेल्या डोंगराला नकाशावर गोल काढले गेले आणि संशयित क्षेत्र अवाच्या सवा फुगलं. ती सूज उतरवण्यात पुढची कित्येक वर्षं गेली.

एक झटपट कसोटी आहे. ज्या जागांची प्रत्यक्ष सफाई झाली, त्यांतल्या किती जागांत एकही सुरुंग मिळाला नाही? थोड्या असणारच. पण हे प्रमाण मोठं असेल तर सफाईवाले कामसू असूनही आधीची पाहणी कच्ची होती आणि महागड्या हातांनी कोरी जमीन चाळली गेली.

कागदातच आणखी दोन दुखणी लपलेली असतात. नकाशाचा संदर्भ हे पहिलं. अक्षांश-रेखांश मोजायच्या पद्धती दोन: जुने लष्करी नकाशे एव्हरेस्टच्या पद्धतीवर, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. बदल न करता आकडे उचलले की नकाशावरची जागेची चौकट काही शे मीटर सरकते. कंबोडियात, भारतीय उपखंडात हे नेहमीचं. एककं हे दुसरं. एकर, हेक्टर, चौरस मीटर एकाच रकान्यात आलेले असतात. आपल्या हिशेबाने पडताळा घ्यायचा तर १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, ४० गुंठे १ एकर, १ हेक्टर जवळपास ९९ गुंठे. एखाद्या जागेचं लिहिलेलं क्षेत्र आणि चौकटीवरून निघणारं क्षेत्र दहापटीने वेगळं आलं, तर ते टंकलेखनाची चूक म्हणून सोडू नका, काम संपल्यावर लिहिलेला मूळ पूर्णता अहवाल मागा.

माणसं आणि गावं निवडताना

तिघा-चौघांचं पथक पुरतं: सुरुंग हाताळलेला एक, ग्रामीण अर्थकारण कळणारा एक, आणि बायकांशी बायकांतच बसून बोलू शकेल अशी एक संशोधक. दुभाषी सफाई करणाऱ्या संस्थेचा नको, सरकारी केंद्राचाही नको. तो भला माणूस असला तरी गावकरी त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात.

गावं यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडा. संस्थेने सुचवलेली गावं पाहा, पण ती वेगळ्या रकान्यात ठेवा. समजा २४० जागांची यादी आहे आणि वेळ ३० जागांपुरता आहे. तर यादीचे आधी रद्द, वगळलेल्या आणि साफ केलेल्या असे तीन ढीग करा, प्रत्येकात ताबा देऊन एक वर्ष झालेल्या आणि तीन वर्षं उलटलेल्या जागा वेगळ्या काढा, आणि मग चिठ्ठ्या टाका. रद्द झालेल्या जागा लोक हटकून वगळतात. ‘तिथं काही कामच झालं नाही’ हे त्यांचं कारण. पण लोकांचा विश्वास कुठं बसला नाही ते नेमकं तिथंच दिसतं. पाच-सहा चिठ्ठ्या हातच्या राखून ठेवा. तिकडे पोचल्यावर कोणीतरी ‘त्या पलीकडच्या गावात जाऊन बघा’ म्हणतंच. गाडी दारात जाणारीच गावं पाहिली तर डांबरी रस्त्याचं मूल्यमापन होतं.

आता हंगाम. परक्या माणसाला मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जुलैत उभं केलं, तर तो ‘जमीन वापरात नाही’ असं लिहून जाईल. ज्वारीचं कोठार त्याला उजाड दिसेल, कारण इथली रानं खरिपात मोकळी ठेवून सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बी ज्वारी पेरतात. सुरुंग निघालेल्या जमिनीवर हीच चूक वारंवार होते. तिकडचं पीकचक्र आधी विचारा आणि उभ्या पिकात पोचेल अशी तारीख धरा. ती जमलीच नाही तर धसकटं बघा, बांधावरची गंजी बघा, खळं बघा.

सुरुवातीची नोंद बहुतेकदा नसतेच. उपग्रहाची जुनी चित्रं त्या वेळी उपयोगी पडतात आणि ती फुकट मिळतात. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला ठोकळा (पिक्सेल) ३० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरच्या तुकड्यात जेमतेम ११ ठोकळे येतात आणि कडेचे शेजारच्या रानात मिसळतात. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांमध्ये १० मीटरचे ठोकळे आहेत, एका हेक्टरात १००. त्याआधीच्या काळाबद्दल लहान तुकड्यांवर पैज लावू नका. हिरवा रंग म्हणजे पीकच असंही नाही. सुरुंगाच्या भीतीने कोणी शिरत नाही तिथं झुडपं सगळ्यात हिरवी असतात.

शिवारात गेल्यावर

काम चालू असलेल्या जागी आधी माहिती-सत्र होतं. रक्तगट, आपत्तीत बाहेर काढायची वाट, दवाखाना किती लांब हे त्यात सांगतात आणि सही घेतात. ते कंटाळून ऐकू नका. हे सत्र किती नीट होतं हाच तुमचा पहिला पुरावा. आयमासनुसार डोळ्यांना किमान ५ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटच्या तोडीचं संरक्षण हवं, आणि अंगरख्याची कसोटी ६० सेंटिमीटरवरच्या २४० ग्रॅम टीएनटीच्या स्फोटाला धरून आहे. उकाड्यात मुखपट वर सरकवून बसलेला डिमायनर दिसला तर त्याला जाब विचारू नका. पाळी किती तासांची, विश्रांती किती वेळाने, हे पर्यवेक्षकाला विचारा, दोष बहुधा तिथं सापडतो. खुणेच्या दगडांवर बहुतेक ठिकाणी लाल बाजू धोक्याची, पांढरी सुरक्षित; पण देशागणिक बदल असतात, म्हणून विचारून घ्या. फोटोसाठी एक पाऊलही वाटेबाहेर टाकू नका. तुम्ही पट्ट्यात शिरलात की आसपासचं काम थांबतं, तेव्हा भेट आटोपशीर ठेवा.

तांत्रिक बाजूला तीन गोष्टी नक्की तपासा. पहिली खोली. दुसरी काही माहिती नसेल तर सर्रास धरली जाते ती १३ सेंटिमीटर. वारा वाळू साठवतो किंवा नदी गाळ आणते, तिथं त्याच आकड्यावर काम केलं तर सुरुंग खालीच राहतो. भीमेच्या पुरानंतर पंढरपूरच्या वाळवंटात किती गाळ बसतो, ते आठवा. २०१४ च्या मेमध्ये बोस्नियात पूर आले आणि खुणा केलेल्या शेतांतले सुरुंग मातीबरोबर वाहून दुसरीकडे गेले. अशा ठिकाणी पुरानंतर फेरपाहणी झाली का, हे विचाराच. दुसरी गोष्ट माती. बेसॉल्टपासून झालेल्या किंवा जांभ्या मातीत लोहखनिजामुळे डिटेक्टर उगाच वाजत राहतो. त्यात पाकिस्तानी पी-४ किंवा चिनी टाइप ७२ सारख्या सुरुंगांत धातू नावापुरता, म्हणून डिटेक्टर बारीक लावावा लागतो आणि तो आणखी वाजतो. खोट्या आवाजांनी हैराण झालेला माणूस डिटेक्टर मंद करतो, आणि चूक तिथं होते. म्हणून रोज सकाळी त्याच मातीत, त्याच खोलीवर नमुना पुरून डिटेक्टर तपासल्याची नोंदवही मागा. श्रीलंकेत तर तमिळ वाघांनी घरी बनवलेले जॉनी-९५ सारखे सुरुंगही होते, म्हणजे नमुनाही तिथलाच हवा. तिसरी, ताबा दिल्यानंतरचे अपघात. एखादा झाला असेल तर त्याची चौकशी लेखी आहे का, आणि तीवरून कामाची पद्धत बदलली का? शून्य अपघात ही समाधानाची बाब खरी, पण त्या जमिनीत कोणी जातच नसेल तरी आकडा शून्यच येतो.

गावात बोलताना ‘फायदा झाला का?’ असं विचारू नका. लोक हात जोडतात आणि हो म्हणतात. सुरुंग काढून देणाऱ्याविरुद्ध कोण बोलेल? त्यापेक्षा पहिला नांगर कोणत्या महिन्यात घातला, ते विचारा. ही माणसं यायच्या आधी या तुकड्यात कोण शिरत होतं? आजही तुम्ही कुठं जात नाही? शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. उत्तर देताना माणूस ज्या दिशेला बघतो तिकडे तुमचा पुढचा दिवस.

माहितगार कोण, हे पदावरून ठरवू नका. सांगोल्याकडच्या मेंढपाळाला कुठल्या रानात काय आहे ते गावच्या पाटलापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिकडचा गुराखीही तसाच. लढाईच्या जागा पुरुष सांगतात, सरपण आणि पाण्याच्या वाटा बायका सांगतात, आणि या दोन नकाशांत फरक निघतो. बायकांना न विचारता ठरलेला प्राधान्यक्रम शेताला पहिला आणि ओढ्याच्या वाटेला शेवटचा नंबर देतो. ताबा देताना कित्येक ठिकाणी डिमायनर स्वतः त्या जमिनीवरून गावकऱ्यांसमोर चालून दाखवतात. असं झालं का, आणि तेव्हा नेमकं कोण हजर होतं, तेही विचारा. फक्त सरपंच आणि अधिकारी असतील तर कसणाऱ्याचा धीर बांधलेला नसतो.

पैशांचा हिशेब

खाली मांडलेले रुपये निव्वळ उदाहरणापुरते आहेत, पद्धत मात्र खरी आहे. समजा २० हेक्टर संशयित. चौकशीत १२ रद्द, तांत्रिक पाहणीत ५ वगळले, ३ हेक्टरची सफाई. सफाई चौरस मीटरला १५० रुपये धरली तर ३०,००० चौरस मीटरचे ४५ लाख, आणि दोन्ही पाहण्यांचे ८ लाख. एकूण ५३ लाख. पाहणी न करता सगळं चाळलं असतं तर ३ कोटी गेले असते. हा झाला कार्यक्षमतेचा भाग, आणि तो सोपा.

उत्पन्नाकडे आलं की हात सैल सुटतात. हेक्टरी निव्वळ ३०,००० रुपये धरून संस्था लिहिते: २० हेक्टर, वर्षाला ६ लाख, म्हणजे खर्च ९ वर्षांच्या आत फिटतो. तुमचा सातबारा मात्र सांगतो की यातले ८ हेक्टर लोक जीव मुठीत धरून आधीपासूनच कसत होते. कंबोडियाच्या थायलंडकडच्या प्रांतांत हे सर्रास घडलं. भूक पुढे झाली आणि माणसांनी स्वतःच कुदळीने सुरुंग उकरले. नवं पीक उरलं १२ हेक्टरांवर, वर्षाला ३ लाख ६० हजार. फेड गेली पावणेपंधरा वर्षांवर. बैल आणि बियाणं नसल्याने पहिली दोन वर्षं जमीन पडच राहिली असेल, तर सतरा.

याचा अर्थ काम वाया गेलं असा नाही. त्या ८ हेक्टरांवर पीक वाढलं नाही, मरण टळलं. ते रुपयांत मिसळू नका, वेगळ्या रकान्यात दाखवा. जिवाची किंमत रुपयांत बसवून बेरीज करणारा अहवाल कोणालाच पटत नाही. आणि ३ हेक्टरांतून शाळेची किंवा बाजाराची वाट जात असेल, तर त्या वाटेचा लाभ पिकाहून मोठा निघू शकतो. मोझांबिक सप्टेंबर २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला. तिथं अर्थशास्त्रज्ञांनी रात्रीच्या दिव्यांची उपग्रहचित्रं घेऊन अभ्यास केला, तेव्हा रस्ते, रेल्वे आणि बाजारपेठा जोडणाऱ्या जागा साफ झाल्यावर परिणाम सगळ्यात ठळक दिसला. सुटे तुकडे एकेक करून साफ झाले तिथं तो फिका होता. कुर्डुवाडी जंक्शन बंद पडलं तर बार्शीपासून पंढरपूरपर्यंत काय होईल, त्याची कल्पना करा. म्हणून प्रत्येक जागा सुटी न तोलता ती कोणत्या वाटेवरची गाठ आहे तेही लिहा.

लाभार्थी मोजताना एकच गाव तीनदा मोजलं जातं. ६०० वस्तीच्या गावात वाट, शाळा आणि विहीर अशा तीन जागा साफ झाल्या की अहवालांची बेरीज १,८०० येते. नावानिशी कुटुंबं मोजा. ‘अप्रत्यक्ष लाभार्थी’ हा रकाना शक्य तर रिकामाच ठेवा.

जमीन कोणाच्या नावावर गेली

विकासाशी असलेला धागा इथं सगळ्यात लवकर तुटतो, म्हणून इथं जास्त वेळ द्या. सुरुंग असेपर्यंत जमीन पोटखराब्यासारखी, तिच्यावर कोणी हक्क सांगत नाही. सुरुंग निघाले की भाव येतो, आणि भाव आला की हक्कदार येतात. युद्धात पळालेलं कुटुंब कागद हरवून परत आलेलं असतं, मधल्या काळात दुसरं कोणी वसलेलं असतं, आणि तिसऱ्याच्या ओळखी जिल्ह्याच्या कचेरीत असतात. बांध कोरण्यावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कोर्टात जातात. तिथं तर बांधच उरलेले नसतात. कंबोडियात साफ जमीन बलदंडांच्या हाती जाण्याचे प्रकार झाले आणि त्यावर उपाय म्हणून प्रांत पातळीवर जमीन-वापर नियोजनाची यंत्रणा उभी करावी लागली. कोणती जागा आधी साफ करायची आणि ती कोणाला द्यायची, हे गाव व स्थानिक प्रशासनाच्या मेळाने आधीच लिहून ठेवायचं.

तपासताना क्रम असा ठेवा. काम सुरू होण्याआधी जागेवर वाद आहे का, हे कोणी लिहून ठेवलं होतं का? ताब्याचा कागद कोणाच्या हाती दिला: कसणाऱ्याच्या, गावप्रमुखाच्या की लष्कराच्या? त्यावर बाईचं नाव आहे का, विशेषतः जिचा नवरा युद्धात गेला तिचं? एक वर्षाने जमीन त्याच हातांत आहे का? ‘आम्ही तटस्थ आहोत, जमिनीच्या भानगडीत पडत नाही’ असं सफाई करणाऱ्या संस्था सांगतात. पण सफाईचा क्रम ठरवला की त्या भानगडीत त्या पडलेल्याच असतात, आणि हे अहवालात स्पष्ट लिहावं.

दुसरा धागा वेळेचा. सुरुंग निघाल्यावर पेरणीच्या आधी बियाणं, औतं, पाणी, रस्ता यांतलं काय आणि कोणी पोचवलं? शेती खात्याच्या आराखड्यात हे गाव कोणत्या वर्षी आहे? दोन कार्यालयं एकाच इमारतीत असूनही दोन्हींच्या याद्या जुळत नाहीत, हे नेहमी आढळतं. दोन्ही याद्या मागून गावांची नावं स्वतः ताडून बघा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ताबा दिल्याचा दिवस आणि पहिल्या पेऱ्याचा दिवस यांतलं अंतर प्रत्येक जागेचं काढा, ती अंतरं चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधली किंमत घ्या. सरासरी एखाद्या दहा वर्षं पडलेल्या तुकड्याने बिघडते. पड जागांची कारणं मोजून मांडा. पाणी नाही, वाद आहे, कुटुंब शहरात गेलं, भीती अजून आहे: यातल्या शेवटच्याच कारणाला सुरुंगवाले थेट जबाबदार आहेत, बाकीची विकास खात्यांच्या दारात जातात.

तिसरा धागा पगाराचा. गावातले शे-दीडशे तरुण-तरुणी डिमायनर म्हणून लागतात, तेव्हा गावात येणारा रोख पैसा बहुधा शेतीपेक्षा मोठा असतो. काम संपलं की तो आटतो. दुष्काळी कामं बंद झाल्यावर काय होतं, ते इथं वेगळं सांगायला नको. त्यांना पुढे काय शिकवलं, हा टिकाऊपणाचा खरा प्रश्न. दुसरा प्रश्न उरलेल्या सुरुंगांचा. कोसोव्होत संयुक्त राष्ट्रांचा कार्यक्रम २००१ अखेर आटोपला, आणि त्यानंतरही जागा सापडत राहिल्या. कार्यक्रम गुंडाळल्यावर शेतकऱ्याने फोन कोणाला करायचा, आणि तो लावल्यावर कोणी उचलतं का, हे स्वतः लावून बघा.

जखमींचं काम सहसा वेगळ्या खात्याकडे असतं आणि मूल्यमापनात दोन ओळींत उरकलं जातं. निदान एवढं विचारा: कृत्रिम पाय बदलून मिळतो का? मोठ्या माणसाला तो साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो, वाढत्या मुलाला दर सहा महिने-वर्षाने. पहिल्या पायाचा फोटो प्रत्येक अहवालात असतो, तिसऱ्या पायाची नोंद शोधावी लागते.

अहवाल

शिफारशी पाच ते सात, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकीपुढे कोणी करायचं आणि कधीपर्यंत. ‘समन्वय वाढवावा’ ही शिफारस नव्हे. ‘सुरुंगकृती केंद्राने साफ झालेल्या जागांची यादी दर तीन महिन्यांनी जिल्हा शेती कार्यालयाला द्यावी’ ही शिफारस. ज्या जागा तुम्हाला पाहता आल्या नाहीत त्यांची यादी कारणांसह जोडा. जखमी माणसाचा फोटो लेखी परवानगीशिवाय नको, आणि वादातल्या जमिनीचा गट किंवा कसणाऱ्याचं नाव छापील अहवालात नकोच. ते काम देणाऱ्याला वेगळ्या पाकिटात द्या.

कच्चा मसुदा संस्थेला आणि केंद्राला चुका दाखवण्यापुरता द्या, दोन आठवडे पुरतात. त्यांनी सुचवलेला प्रत्येक बदल आणि तो घेतला की नाही, याचा तक्ता ठेवा. पाहिलेल्या गावांपैकी दोन-तीन गावांत निष्कर्ष तिथल्या भाषेत वाचून दाखवा; ‘ही जमीन वापरात आहे’ या वाक्यावर मागच्या रांगेतून कोणी हसलं, तर तो तुकडा पुन्हा पाहायला जा. तुमच्या सातबाऱ्याची प्रत केंद्राकडे ठेवा, प्रत्येक जागेपुढे पुढच्या पाहणीचा महिना लिहून, आणि तो महिना तिथल्या उभ्या पिकाचा असू द्या.